दोन बोटांचा हिशेब

मंचरमध्ये गुपचूप दारू पिता येते, गुपचूप कमी करता येत नाही. शेजारपाजारचे कारण विचारतात. म्हणून मोबाइल गाठला. दिल्लीच्या एम्सनं जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीनं दारू कमी करण्यासाठी ऑनलाइन कार्यक्रम काढल्याचं वाचलं होतं. मी मात्र भाच्यानं शोधून दिलेलं कुठलंतरी ॲप घेतलं. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, पण तिथं जाण्याइतकी माझी कुठं आहे? (तिथं गेलेले बरेच जण आधी हेच म्हणाले असतील.) हातपाय थरथरत असतील तर घरच्या घरी एकदम बंद करू नका, डॉक्टर गाठा, असं ॲपनं सुरुवातीलाच बजावलं. माझे हात फक्त पासवर्ड टाकताना थरथरले.

मग आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची परीक्षा. प्रश्न १०, गुण ४०, आणि ८ पासून पुढं धोका. कमी मार्क पडावेत म्हणून जन्मात पहिल्यांदा झटलो. शेवटचा प्रश्न : तुमच्या पिण्याबद्दल नातेवाईक, मित्र किंवा डॉक्टरांनी काळजी व्यक्त केली आहे का? आमच्या हिनं काळजी कधी व्यक्त केली नाही. ती भांडी आपटते. तसा पर्याय नव्हता, म्हणून 'नाही' दाबलं. तरी १४ आले.

पुढं रोजची नोंद. आपलं माप ठरलेलं : दोन पेग, प्रत्येकी दोन बोटं. ॲपला बोटं चालेनात, मिली हवे. नातवाच्या खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं झाकण घेऊन ओट्याशी उभा राहिलो. स्टीलच्या पेल्यातली दोन बोटं मोजता मोजता नऊ झाकणं झाली. म्हणजे ९० मिली, आणि दोन पेग म्हणजे अख्खी क्वार्टर! तीत अल्कोहोल जवळपास ६० ग्रॅम. ॲपच्या हिशेबानं सहा ड्रिंक. नातू दारातून बघत होता. "आबा, तुम्हाला केवढा खोकला झालाय!"

ॲपचा सल्ला असा, की दुकान टाळायला रस्ता बदला. नारायणगावला जाताना हायवेवरच्या परमिट रूम टाळायच्या तर उसातली पाणंद धरावी लागते, आणि आमच्याकडं उसात बिबट्या. यकृत द्यायचं की नरडं, एवढंच ठरवायचं.

मोहाच्या वेळेला वाजावी म्हणून आपल्याच आवाजात सूचना भरा, असंही होतं. भरली. वेळ रात्री आठची. नेमका गावात सप्ताह, आणि अभंग लावायला पोरांनी माझाच मोबाइल कर्ण्याला जोडलेला. आठाच्या ठोक्याला चारही कर्ण्यांतून मी ओरडलो : "लाज धर, मर्दा! दुसरा घेऊ नको. आधी पाणी पी!"

पंगतीतल्या एकानं बुंदीचा दुसरा वाढा घाबरून परत केला. बाकीच्यांनी आवाज ओळखला.

सकाळी दोघंतिघं दारात. समजूत काढायला आले असतील म्हणून मी तोंड पाडून बसलो. ते ॲप मागायला आले होते. "आणि आबा, ते झाकण पण द्या. आमची बोटं जाड आहेत, हिशेब लागत नाही."

आतून ही म्हणाली, "चहा देते. झाकण मिळणार नाही, पोराला औषध द्यायचंय."