चौदा नंबरची मागणी

मागच्या दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी नांदेडच्या तरोडा भागात एक गृहस्थ टॉवरवर चढले. आता आमच्याकडं टॉवरवर चढण्याला ठरलेला अर्थ आहे. पीकविमा असो, अनुदान असो, थकलेला पगार असो, माणूस टॉवरवर नाहीतर पाण्याच्या टाकीवर चढतो, पेपरात ‘शोले स्टाइल आंदोलन’ छापून येतं आणि खालून कुणीतरी साहेब आश्वासन देतात. त्यामुळं दहा मिनिटांत गल्ली भरली. मोबाइल आडवा धरून ‘आपण पाहत आहात’ म्हणणारा पोरगा आला. मग गस्तीवरचा पोलीस आला आणि मान वर करून रीतसर विचारता झाला, “मागणी काय हाय?”

वरून आवाज आला, “चौदा नंबरचा पाना!”

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बातमी पोचली तेव्हा ती ‘चौदा मागण्या हायत म्हणं, बारा मान्य झाल्या’ अशी झाली होती.

हे आमचे वायरलेसकाका. मराठवाड्यातल्या मोठ्या गावांत असा एखादा नमुना असतोच. नोकरी बँकेत, कॉलेजात नाहीतर विजेच्या खात्यात झालेली, खिशात टेस्टर, आणि चालताना नजर रस्त्यावर नाही, लोकांच्या गच्च्यांवर. जगात यांना हॅम म्हणतात. सरकारची परीक्षा देऊन ‘व्हीयू’नं सुरू होणारं एक नाव मिळवायचं आणि त्या नावानं घरच्या रेडिओवरून हवेत हाका मारत बसायचं, हा छंद. राजीव गांधीसुद्धा हॅम होते, हे काका पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. या लोकांची भाषाही निराळी. गाव म्हणजे क्यूटीएच, दुकान बंद म्हणजे क्यूआरटी, आणि निरोप घेताना ‘सेव्हंटी थ्री’, म्हणजे सप्रेम नमस्कार. एकदा सांत्वनाला गेलेले काका उठताना सवयीनं “सेव्हंटी थ्री” म्हणाले. घरचे म्हणाले, “नाही हो, एट्टी वन पूर्ण होतं.”

गच्चीवर काकांचा चाळीस फुटी लोखंडी मनोरा. त्यावर जे ॲल्युमिनियमचं धूड आहे, त्याला गल्ली ‘मासोळीचा काटा’ म्हणते. खरं नाव यागी-उदा. १९२६ च्या सुमारास जपानात दोघांनी ते शोधलं. बहुतेक राबणूक उदांची आणि जगभर नाव झालं यागींचं. काका हे सांगताना ऑफिसातल्या कुणाची तरी आठवण काढून उसासा टाकतात.

पण काकांचं खरं वैशिष्ट्य काटा नाही, भीती आहे. असा मनापासून, अभ्यास करून घाबरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमच्याकडं केबलवाला पोरगा स्लीपर घालून, पक्कड दातात धरून विजेच्या खांबावर चढतो आणि तिथूनच फोन घेतो. काकांची तयारी आदल्या रात्रीपासून. पुण्याच्या हवामानशास्त्रवाल्यांचं ‘दामिनी’ ॲप उघडून वीज कुठं पडतेय ते बघायचं. पहाटे मनोऱ्याच्या ताणतारा एकेक करून हलवायच्या, जमिनीतल्या हुकाला गंज किती ते खरवडायचं. आग्या मोहोळ बसलंय का, ते दुर्बिणीतून. मग मेन स्विच बंद, रेडिओची वायर काढलेली, आणि मायक्रोफोन काकांच्या खिशात. आपण वर असताना खाली कुणी बटण दाबलं तर अँटिनाला हात लागलेला माणूस भाजतो, म्हणून.

नंतर पट्टा. “नुसता कमरेला बांधला तर लटकल्यावर माणूस मधोमध दुमडतो,” असं सांगत ते खांदे, छाती आणि मांड्या सगळं आवळून घेतात. पट्ट्याला दोन दोऱ्या, दोन आकडे. एक पुढं अडकवल्याशिवाय दुसरा काढायचा नाही. दोन पाय, एक हात, असं तीन ठिकाणी धरूनच चौथं हलवायचं. या हिशेबानं चाळीस फुटांना पाऊण तास लागतो. अवजारं बादलीत, बादली दोरीवर, प्रत्येक पान्याला सुतळी. त्या दिवशी तेवढा चौदा नंबरचा खाली राहिला होता.

खाली काकू. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, हातात बादलीची दोरी, आणि मनोऱ्याभोवती त्यांनीच काढलेलं रांगोळीचं रिंगण. त्यात कुणी पाऊल टाकायचं नाही. वरून निसटलेली बोल्टची चकती माणूस ओळखत नाही, हे त्यांना पाठ आहे. चौकशी करता करता रिंगणात शिरलेल्या त्या पोलिसालाही त्यांनी सांगितलं, “साहेब, आधी रेषेच्या बाहेर व्हा, मग काय विचारायचं ते विचारा.” तो झाला बाहेर.

काकांचे मित्र लातूरला, गंजगोलाईच्या अलीकडं. स्वभाव नेमका उलटा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंपानं किल्लारी हादरली, फोन मुके झाले, तेव्हा बाहेरगावाहून हॅम आले होते. झाडाला तार, गाडीची बॅटरी, एवढ्यावर कोण जिवंत, कुठं औषध पाहिजे, असे निरोप ते पोचवत होते. त्यांना पाहून कॉलेजातल्या या गड्यानं हा नाद धरला. नाद धरला, पट्टा धरला नाही. “हातात दम असला म्हंजे झालं,” हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते एकदा जुना मनोरा उतरवायला वर गेले आणि खालच्या पोराला म्हणाले, “तो ताण सोड रे.” मनोरा मोडणं धोक्याचं, एक ताण सोडायच्या आधी दुसरा तात्पुरता बांधायचा, हे काकांनी त्यांना रेडिओवरून दहादा सांगितलं होतं. पोरानं ताण सोडला. मनोरा सावकाश, एखाद्या म्हाताऱ्यानं बसावं तसा, कडब्याच्या गंजीवर बसला. गडी मनगटावर निभावला. त्या दिवशी त्यांच्या लॉगबुकात डाव्या हातानं एकच शब्द आहे: क्यूआरटी.

आता ते चढत नाहीत. गच्चीवर दहा-बारा फुटांवर वीस मीटरची तार ताणली आणि त्यावरून रोज संध्याकाळी नांदेडशी गप्पा. गंमत अशी की, लातूरसारख्या जवळच्या गावाला बुटकी तारच बरी. लाटा सरळ आभाळाकडं जातात आणि वरून पावसासारख्या आसपासच्या जिल्ह्यांवर पडतात. ही गोष्ट काकांनी एकदा काकूंना मोठ्या उत्साहात समजावून दिली. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे तुम्ही रोज ज्यांच्याशी बोलता, त्यांच्यासाठी लुगडं वाळवायच्या तारेएवढी उंची पुरते?”

“हो.”

“मग चाळीस फूट कुणासाठी?”

“ब्राझीलसाठी.”

“लागलं का ब्राझील?”

“दोनदा,” काका म्हणाले. एकदा त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं, हे त्यांनी मला नंतर खासगीत सांगितलं.

वळवाच्या दिवसांत लातूरहून “इकडं कडाडलालंय, तार काढ” असा निरोप येतो. मग काका लगबगीनं वायर उपटतात आणि बाहेर येऊन पायरीवर बसतात, निमूट, मनोऱ्याकडं बघत.

त्या रविवारच्या गोंधळानंतर काकांनी एक फळा रंगवून घेतला. वर जाण्याआधी तो फाटकाला लावतात: ‘हे आंदोलन नाही. देखभाल चालू आहे.’ परवा तो लावला, पट्टा आवळला, पहिला आकडा अडकवला, तेवढ्यात शेजारच्या आजी काठी टेकत आल्या. फळा त्यांनी अक्षर अक्षर जुळवत वाचला, रिंगणाच्या बाहेर नीट उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

“ते असू द्या. वर जायलावच तर नळाचं बी तेवढं सांगा.”