बूटपारखी सोलकर

सोलकर हे त्याचं खरं आडनाव नाही. ते आमच्या भटक्या कंपूनं बहाल केलं. क्रिकेटपटू एकनाथ सोलकरांचं नाव झालं झेलांवर. याचंही सगळं आयुष्य पकडीवरच चाललंय, फक्त ती बुटाच्या तळव्याची. बाकीची मंडळी शनिवारी रात्री कसारा लोकलमध्ये घुसतात ती किल्ला बघायला. सोलकर बूट घेऊन येतो आणि किल्ला त्या बुटाला दाखवतो.

नमस्कार-चमत्कार त्याच्या गावी नाही. भेटला की तो आधी खाली बघतो. "कोणता आहे?" बूट ओळखीचा निघाला तर मग माणसाची चौकशी. एकदा एका मित्राच्या वडिलांना भेटायला आम्ही गेलो होतो. ते हवापालटाला म्हणून महाबळेश्वरला निघाले होते. सोलकरनं त्यांच्या चपला उलट्या करून पाहिल्या आणि म्हणाला, "काका, तुम्ही डाव्या टाचेवर फार येता." काका तेव्हापासून चालतानाच बिचकतात.

त्याची बूटखरेदी हा एक स्वतंत्र सोहळा. तो दुकानात नेहमी संध्याकाळी जातो, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि गडावरही तो सुजणारच असतो. सकाळी घेतलेला बूट उतरताना अंगठ्याचं नख घेऊन जातो, हे त्याचं म्हणणं अगदी खरं आहे. मोजे घरचे. शिवाय पाठपिशवीत एक दगड. मॉलच्या दारात पिशवी तपासणारा रखवालदार दरवेळी गोंधळतो.

"हे काय?"

"दगड."

"दगड कशाला?"

"बुटाला."

मोठ्या दुकानात बूट घालून चढउतार करायला एक छोटा उतरता ओटा असतो, वर सिमेंटचे उंचवटे. सोलकर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. "हा बागेतला दगड झाला. आपला सह्याद्री बेसाल्टचा. लाव्ह्याचे थरावर थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे," असं म्हणून तो आपला काळाभोर तुकडा काउंटरवर ठेवतो आणि बुटाचं नाक त्यावर दाबून पुढेमागे सरकवतो. मग रबरात नख रुतवून बघतो. मग आजीनं हापूस देठाशी हुंगावा तसा तळवा हुंगतो. विक्रेता बराच वेळ उभा राहून शेवटी विचारतो, "सर, दुसरा कलर दाखवू का?" रंग ही एकच गोष्ट सोलकरनं पाहिलेली नसते. म्हणून त्याच्याकडे पोपटी, भगवे आणि एकदा तर गुलाबी नाडीचे जांभळे बूट आले. त्या मापाचा तो शेवटचा जोड होता आणि रबर फार सुरेख होतं.

घरी आल्यावर वजन. केकसाठी म्हणून वहिनींनी आणलेल्या डिजिटल काट्यावर आजवर केकपेक्षा बूटच जास्त वेळा चढले. डावा 352 ग्रॅम, उजवा 358. सहा ग्रॅमचा हा अन्याय त्याला रात्रभर झोपू देत नाही. "पायात एक ग्रॅम कमी म्हणजे पाठीवरचे कितीतरी कमी," असं तो बजावतो. त्याची स्वतःची ढेरी या हिशेबात कुठे बसते हे विचारायची सोय नाही.

सध्या त्याची सगळी भक्ती ॲप्रोच शूजवर आहे. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आणि सोलकरच्या निम्म्या वेळात सांगतो. भिंतीसारखा कडा चढायला घट्ट, पाय आवळणारे क्लाइंबिंगचे बूट लागतात. ते घालून दहा पावलं चालवत नाही. रानातून चालायला जाड दातेरी बूट लागतात. ते घालून कातळावर नेमकं पाऊल ठेवता येत नाही. कड्याच्या पायथ्यापर्यंत चालायचं आणि मधले सोपे कातळटप्पेही उरकायचे, यासाठी निघालेला मधला मार्ग म्हणजे ॲप्रोच शूज. हलका, घोट्याखाली संपणारा, मऊ चिकट रबराचा. नाडी थेट बोटांपर्यंत, म्हणजे कड्याशी आल्यावर आवळता येते. आणि तळव्याच्या पुढच्या टोकाला दाते नसलेला गुळगुळीत पट्टा. हा पट्टा म्हणजे सोलकरचा गाभारा. नवशिक्याला तो गुळगुळीत पट्टा बघून वाटतं की बूट झिजलाय. असं कोणी म्हणालं की सोलकरचं कीर्तन सुरू होतं.

पूर्वरंगात इटलीचा विताले ब्रामानी. 1935 साली आल्प्समध्ये त्याचे सहा साथीदार गेले. तेव्हाचे बूट थंडीत आणि बर्फात अपुरे पडले, हे त्याच्या मनाला लागलं. त्यातून दोन वर्षांत रबरी दातेरी तळवा आला, त्याच्याच नावाची अक्षरं जुळवून झालेला व्हिब्रम. तोवर लोक बुटाला खिळे ठोकून डोंगर चढत. 1954 साली इटालियन मंडळी के-टूच्या माथ्यावर पोहोचली तीही याच तळव्यांवर. इथवर येईतो आमची पहिली सोंड चढून झालेली असते. उत्तररंगात कॅलिफोर्नियाचा चार्ल्स कोल, 1985 साली निघालेली फाइव्ह टेन आणि तिचं ते चिकट स्टेल्थ रबर. पसायदानाला मात्र तो नेहमी घरी परततो: ॲक्शनचे ट्रेकिंग बूट. आमच्या पिढीचा सह्याद्री त्यांनीच तर चढवला. काही शे रुपयांत मिळायचे, दिसायला ओबडधोबड, पण कातळावर असे बसायचे की विचारू नका. त्यांचं नाव निघालं की सोलकरचा गळा खरोखर दाटतो.

प्रत्यक्ष चाचणी बघायची असेल तर त्याच्याबरोबर हरिहरला जावं. खड्या कातळात कोरलेल्या त्या सुप्रसिद्ध पायऱ्या, प्रत्येक पायरीला हात घालायला खोबण्या, आणि रविवारी मागे मुंबई-नाशिकची अख्खी रांग. सोलकर मध्येच थांबतो, अख्खं पाऊल मावत असूनही फक्त बुटाच्या आतल्या कडेवर उभा राहतो आणि हळूहळू वजन टाकतो.

"ओ काका, पुढे सरका ना!"

"एक मिनिट. एजिंग बघतोय."

काका ऐजिंगच होतायत, असं मागून कोणीतरी म्हणालं. सोलकरनं ते ऐकलं नाही. तो बुटाच्या कुरकुरीकडे कान लावून होता. हरिहरच्या माथ्यावरून दिसणाऱ्या ब्रह्मगिरीचा एकही फोटो त्याच्याकडे नाही. तळव्यांचे आहेत, चारी बाजूंनी.

पण माणूस अगदीच वाया गेलेला नाही. एकदा आमच्यातला एक नवा पोरगा तिरक्या कातळावर अडकला. पाय लटपटायला लागले, पोट दगडाला चिकटलेलं, टाचा हवेत. आम्ही सगळे "घाबरू नकोस, घाबरू नकोस" असं ओरडून त्याला आणखी घाबरवत होतो. सोलकरनं त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही, बुटांकडे बघितलं. "टाच खाली. आणखी खाली. सगळं रबर दगडाला भिडू दे. पोट दगडापासून लांब घे, वजन पायावर येऊ दे." पोरगा गुमान तसा उभा राहिला, पाय थांबले आणि चार पावलांत तो पलीकडे गेला. तिथं सोलकर वही काढून बसलेला. "मघाशी घसरलास तेव्हा आवाज कसा आला? चुर्र की फस्स?"

नळीच्या वाटेतही तसंच. बेलपाड्याकडून कोकणकड्याच्या कुशीतल्या त्या नाळेत शिरलं की नुसते धोंडेच धोंडे, वाट कसली? आम्ही एका फाट्यावर डावं-उजवं करत वाद घालत होतो. सोलकर ओल्या मातीवर वाकला. "इकडून पाच जण गेलेत. दोघांचे बूट नवे, एकाचा सोल सुटत आलाय. आणि हे बघा, सगळे परत आलेत." आम्ही दुसरीकडे वळलो.

घसाऱ्यावर मात्र त्याचं काही चालत नाही. मऊ रबर आणि बुटके दाते कोरड्या कातळावर राजे. मुरमावर ते गोट्यांवर ठेवल्यासारखे निघतात. तिथं सोलकर सरळ बुडावर बसून उतरतो आणि घसाऱ्यावर पॅण्टीइतका चांगला सोल जगात नाही, असं शांतपणे नोंदवतो. पावसाळ्यातल्या शेवाळाबद्दल विचारलं तर दोन्ही हात जोडतो. "शेवाळावर फक्त शेवाळच चिकटतं."

सर्वांत खुललेला सोलकर आम्ही पाहिला तो एका मित्राच्या भारी परदेशी बुटांनी ऐन चढावर मान टाकली तेव्हा. बूट कपाटात वर्षानुवर्षं जपून ठेवलेले, जवळजवळ कोरे. आणि तळवा अख्खाच्या अख्खा सुटून मागे पडला. मित्र रडवेला. सोलकर गुडघे टेकून पंचनामा करतोय: "बघ, मधला फोम पिठासारखा झालाय. पॉलियुरेथेन. हवेतलं दमट पाणीच त्याला खातं, वापर नाहीतर ठेवून दे. बूट वापरले नाहीत हाच तुझा गुन्हा." मग पिशवीतून सुतळी काढून त्यानं तळवा असा काही बांधला की मित्र गडावर जाऊन खाली आला. सुतळीची पकड कशी वाटली, हेही त्याला लिहून द्यावं लागलं.

आता प्रश्न असा की एवढे बूट जातात कुठे? पास झालेले गॅलरीत. नापास झालेले पायथ्याच्या वाडीत. तिथले आमचे वाटाडे मामा, त्यांचा भाऊ, मेहुणा, दूध घालणारा पोरगा, सगळे सोलकरनं नाकारलेल्या बुटांत हिंडतात. ही माणसं ते घालून लाकडं आणतात, गुरं वळतात, भात लावणी सोडून सगळं करतात. सोलकरची परीक्षा एका रविवारची, यांची वर्षभराची.

गेल्या खेपेस आम्ही ओट्यावर चहाला टेकलो तर मामांनी आपणहून विषय काढला.

"साहेब, ते पोपटी बरे व्हते. कातळावर धरत्यात. पण टाच लवकर गेली."

"किती दिवसांत?" सोलकरची वही उघडलीसुद्धा.

"होळीला दिले तुम्ही, दिवाळीला गेली. भगव्याची नाडी कच्ची. पोराच्या जांभळ्यात पानी शिरतं, पन वाळत्यात लवकर."

"आणि चिखलात?"

"चिखलात कशाला घालू? चिखलात अनवाणीच." मामांनी कप खाली ठेवला आणि सोलकरच्या पायातल्या कोऱ्या करड्या बुटांकडे जरा वेळ निरखून पाहिलं. वाकून टोकाच्या गुळगुळीत पट्ट्यावर अंगठा दाबला. "हे कधी नापास व्हनार?"

सोलकरनं पाय झटकन ओट्याखाली घेतले.