सर्व्हरकाका

मराठी मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात एकदाच पेटून उठतो, तो भाड्याची जागा सोडून स्वतःचा फ्लॅट घेताना. पुढची वीस वर्षं हप्ते फेडता फेडता तो पुरता विझतो. आमचे सर्व्हरकाका मात्र हप्ते फिटल्यावर दुसऱ्यांदा पेटले. कोथरूडचा फ्लॅट बँकेच्या कचाट्यातून सुटला आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपण स्वतःच्या घरात राहतो, पण आपली मेल अजून परक्या कंपनीकडे राहते. तीही फुकट. फुकट राहणाऱ्याला कधी बाहेर काढतील, नेम नाही.

असे काका हल्ली बऱ्याच सोसायट्यांत सापडतात. वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी सॉफ्टवेअरमधली किंवा तिथून नुकतीच सोडलेली. घरात शिरल्यावर एका स्विचवर पांढरी पट्टी चिकटवलेली दिसते. तिच्यावर लाल शाईत ‘बंद करू नये’. टीव्हीखालच्या कप्प्यात तळहातावर मावेल असा रास्पबेरी पाय नावाचा संगणक, शेजारी हार्ड डिस्क, मागे यूपीएस. त्या कप्प्यावर फडकं फिरवायला काकूंना मनाई आहे. इन्व्हर्टरवर फ्रीज नाही, सर्व्हर आहे. वीज गेली की आधी यूपीएस ओरडतो, मग काकू. काका दोघांनाही एकच उत्तर देतात, ‘अगं, मेल बुडत नसते. आपण बंद असलो तर पाठवणारा सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो!’ फ्रीजमधलं दूध तेवढं थांबत नाही, हे काकू मनात म्हणतात.

मेल घरी आणायची तर पहिली अडचण पत्त्याची. इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, जगाला मिळून साधारण ४२९ कोटी पत्ते. आशियाच्या वाट्याचा साठा २०११ मध्येच तळाला गेला. त्यामुळे इंटरनेट कंपन्या कितीतरी घरगुती ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. चाळीला एकच पत्ता, आणि दारावर असा रखवालदार, की आतल्याला बाहेर जाऊ देतो, पण बाहेरून आलेल्याला ‘कोणाकडे?’ असं विचारून उत्तर न ऐकताच परत पाठवतो. काकांनी राउटर उघडून पाहिला, तर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ने सुरू होणारा. याच कारणासाठी २०१२ मध्ये राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी एक. त्या रात्री काका नीट जेवले नाहीत. स्वतःचं घर, सातबारा कोरा, आणि जगाच्या दृष्टीने बेपत्ता!

मग जादा पैसे मोजून त्यांनी स्थिर पत्ता घेतला. तर पुढे पोर्ट २५. दोन मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते याच पोर्टवरून, आणि घरगुती कनेक्शनवर नेमका तोच बंद. व्हायरस लागलेले घरोघरचे संगणक मालकाच्या नकळत जगभर स्पॅम पाठवत, म्हणून ही बंदी. काकांच्या मते हे चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यांनी ग्राहकसेवेला फोन लावला.

‘पोर्ट पंचवीस उघडून द्या.’

‘सर, आपल्याला नंबर पोर्ट करायचा आहे का?’

काकांनी फोनवरच्या मुलीला १९८२ पासून समजवायला घेतलं. त्या साली ईमेल पोचवण्याचा एसएमटीपी हा नियम कसा लिहिला गेला, तेव्हा यंत्रांचा यंत्रांवर कसा विश्वास होता, तो कोणी घालवला. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आणखी काही मदत करू शकते का, सर?’

शेवटी काकांनी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये महिना चारशे रुपयांनी छोटा सर्व्हर घेतला आणि तिथपासून घरापर्यंत वायरगार्डचा बोगदा खणला. म्हणजे मेल येते मुंबईला आणि बोगद्यातून उतरते कोथरूडला. ‘काका, हे पुन्हा भाड्याचंच झालं की!’ असं मी म्हटलं. काका गंभीर झाले. ‘दार भाड्याचं आहे. घर इथेच आहे.’

त्या दारालाही इतिहास निघाला. आधीच्या भाडेकरूने त्याच पत्त्यावरून काय उद्योग केले होते देव जाणे, पण पत्ता काळ्या यादीत होता. मग अर्ज, विनंत्या. मग अब्रूदारपणाचे दाखले. आपल्या नावाने मेल कोण पाठवू शकतो ते सांगणारा एसपीएफ, प्रत्येक मेलवर सही करणारा डीकेआयएम, सही जुळली नाही तर काय करायचं ते सांगणारा डीमार्क, आणि पत्त्यावरून नाव सांगणारा उलटा डीएनएस. मुलीच्या लग्नात काकांनी एवढी कागदपत्रं जमवली नव्हती.

वेबसाइटही आहे. तिच्यावर घराण्याची वंशावळ, गणपतीची आरास आणि राजगडचे फोटो. नातेवाइकांपैकी कोणी तिकडे फिरकत नाही. पण काका रोज सकाळी चहाबरोबर सर्व्हरची नोंदवही वाचतात. ‘काल रात्री ब्राझील, व्हिएतनाम, रशिया!’ ही सगळी मंडळी वर्डप्रेसचं लॉगिन पान शोधत आलेली असतात. काकांच्या साइटवर वर्डप्रेसच नाही. तरी आल्यागेल्याचा मान म्हणून काका त्यांना घालवून देण्याआधी देश लिहून ठेवतात.

यंदा सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस काकांनी हट्टाने आपल्याच सर्व्हरवरून पाठवली. संध्याकाळी माझी बेल वाजली. दारात काका, घामाघूम.

‘स्पॅम उघड. नोटीस तिथे पडली असेल. ‘हे स्पॅम नाही’ म्हणून दाब. चार लोकांनी दाबलं की आपली पत वाढते.’

तोवर काकूही जिना चढून आल्या होत्या. ‘अहो, सगळ्या मजल्यांवर फिरताच आहात, तर नोटिशीची झेरॉक्स हातात द्या की प्रत्येकाच्या!’

काका पुढच्या दाराची बेल दाबत म्हणाले, ‘आणि सर्व्हर काय शोभेला ठेवलाय?’