वरचे वीस टक्के

सहा महिन्यांच्या मुक्कामाला मुलाकडे अमेरिकेत गेलेले निवृत्त काका ओळखायचे असतील, तर त्यांच्या नव्या कोऱ्या पांढऱ्या बुटांकडे पाहू नये. ते सगळ्यांनाच मुलगा पहिल्या शनिवारी घेऊन देतो. डॅलसच्या एखाद्या उपनगरात चौघांचं जेवण उरकतं आणि रेक्झिनचं काळं फोल्डर टेबलावर येतं, तेव्हा काकांचा चेहरा पाहावा. वेटर मुलाचं कार्ड घेऊन आत जातो आणि काकांची नजर त्या कार्डामागून काउंटरपर्यंत चालत जाते. आपल्याकडे मशीन टेबलावर येतं, आकडा डोळ्यांसमोर टाकला जातो, पिन आपण दाबतो. इथे कार्ड परत येतं ते दोन पावत्या आणि एक पेन घेऊन. पावतीवर बिलाचा आकडा छापलेला, त्याखाली ‘टिप’ नावाची कोरी ओळ, तिच्याखाली ‘टोटल’ नावाची कोरी ओळ आणि सर्वांत खाली सहीची जागा. ज्या माणसाने पस्तीस वर्षं बँकेत ‘अक्षरी रुपये’ या शब्दांपुढच्या मोकळ्या जागेवर आडवी रेघ ओढल्याशिवाय एकही कागद पुढे सरकू दिला नाही, त्याच्या मुलाने आता कार्ड घासून झाल्यावर, दोन कोऱ्या ओळींच्या खाली सही करायची असते. काकांच्या कपाळावर आठी पडते ती पैशांसाठी नव्हे, पद्धतीसाठी.

पैशांची आठी त्यानंतर पडते. पदार्थांचे ८४ डॉलर ६० सेंट, त्यावर सव्वाआठ टक्के विक्रीकर ६ डॉलर ९८ सेंट, एकूण ९१ डॉलर ५८ सेंट. ग्राहकाला त्रास नको म्हणून खाली १८, २० आणि २५ टक्क्यांचे आकडे तयार करून छापलेले असतात. काका चष्मा कपाळावर सरकवतात, ओठ हलू लागतात, आणि अर्ध्या मिनिटात त्यांनी चोर पकडलेला असतो: छापलेले वीस टक्के म्हणजे १८ डॉलर ३२ सेंट, हे करासकट रकमेवर काढलेत! मूळ जेवणावर ते १६ डॉलर ९२ सेंटच होतात. सरकारला दिलेल्या करावर वेटरला बक्षीस कसलं? मग या आकड्यांचे रुपये होतात आणि दीड हजाराच्या वरचा तो आकडा ऐकून काकूंना आपण खाल्लेला पालक पनीर आठवतो. मुलगा दबक्या आवाजात म्हणतो, “बाबा, द्यावीच लागते.” त्यावर काका जो प्रश्न विचारतात, त्याचं उत्तर अमेरिकेने आजवर नीट दिलेलं नाही: “द्यावीच लागते, तर मग बिलातच का लावत नाहीत?”

या प्रश्नावरून काकांना चिकट ठरवलं जातं, विशेषतः सुनेकडून, आणि मला तो अन्याय वाटतो. याच काकांनी दर दिवाळीला पोस्टमनपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना पोस्त दिलेली असते, कामवाल्या बाईंना साडी आणि वर एक पगार दिलेला असतो, आणि उडप्याच्या हॉटेलात बडीशेपेच्या ताटलीत उरलेली मोड कधी उचललेली नसते. वरच्या पैशाला आपल्याकडे खुशाली म्हणत, बक्षीस म्हणतात, चहापाणी म्हणतात. या सगळ्यांत गृहीत असं आहे की मजुरी आधीच चुकती झाली आहे आणि हे तिच्या बाहेरचं, मनाचं देणं आहे. जर्मन आणि फ्रेंच लोकांच्या शब्दांचा अर्थही ‘पिण्यासाठीचे पैसे’ असाच आहे. पेय काय ते ज्याचं त्याने ठरवावं. खुशालीला टक्केवारी नसते. टक्केवारी लागली की ती फी, दलाली किंवा कर होते. काकांना देणं जड जात नाही. देण्याच्या नावाखाली वसुली होते आहे हे त्यांच्या बँकेतल्या नाकाला कळलेलं असतं.

आणि नाक बरोबर आहे. अमेरिकेत १९६६च्या दुरुस्तीने हॉटेलकामगार किमान वेतनाच्या कायद्यात आले, पण टिपचा काही भाग त्याच वेतनात धरण्याची मुभा मालकाला मिळाली. आज केंद्रीय किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे, तेही २००९पासून तसंच. पण टिप मिळवणाऱ्याला मालकाने रोख द्यायचे किमान २ डॉलर १३ सेंट, आणि हा आकडा १९९१पासून जागचा हललेला नाही. टेक्सासमध्ये तोच लागू आहे. टिप कमी पडली तर फरक मालकाने भरायचा, असं कायदा म्हणतो. पण टिप पुरेशी पडली की मालकाची सुटका. म्हणजे वेटरच्या पगाराचा मोठा हिस्सा ग्राहक भरतो, भाषा मात्र बक्षिसाची राहते. “ही आमची जुनी परंपरा आहे” असं कोणी म्हणालं तर तेही तितकंसं खरं नाही. युरोपच्या सफरीवरून परतलेल्या श्रीमंतांनी यादवी युद्धाच्या आगेमागे ही चाल आणली, आणि गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांना तुटपुंज्या पगारावर राबवून उरलेलं प्रवाशांकडून मिळवायला लावणाऱ्या मालकांना ती फार सोयीची पडली. पुलमन कंपनीच्या रेल्वेडब्यांतले पोर्टर त्याचं ठळक उदाहरण. त्यांनी १९२५मध्ये संघटना काढली आणि १९३७मध्ये कंपनीला करारावर आणलं. (बलुत्यावर जगलेल्यांच्या नातवंडांना हे समजावून सांगावं लागू नये. देणाऱ्याच्या मर्जीवर पोट असलं की हसावं कोणी, हे ठरलेलं असतं.) वॉशिंग्टन राज्याने तर १९०९मध्ये टिपवर कायद्याने बंदी घातली आणि १९१३मध्ये ती उठवली, आणखी काही राज्यांनी हाच प्रयोग केला आणि १९२६पर्यंत तो सगळीकडे गुंडाळला गेला. तेव्हा काकांचं मत परकं नाही. ते शंभर वर्षं जुनं अमेरिकन मत आहे, एवढंच.

काकांची खरी चूक वेगळीकडे आहे. प्रश्नाचं उत्तर मिळत नाही असं पाहून ते तडजोड काढतात: “सर्व्हिस चांगली असेल तर देऊ की!” आणि पुढच्या वेळी पाणी किती वेळा भरलं याची मनात नोंद ठेवतात. हा मुद्दा ऐकायला न्यायाचा वाटतो. बहुतेक अमेरिकनही आपण असंच वागतो असं मानतात. पण कॉर्नेल विद्यापीठाच्या मायकेल लिन यांनी वर्षानुवर्षं टिपचा अभ्यास केला, आणि सेवेचा दर्जा व टिपची रक्कम यांचा संबंध अगदीच क्षीण असल्याचं दाखवलं. ऑर्डर घेताना वेटर टेबलाशी उकिडवा बसला तर टिप वाढते. बिलामागे हसरा चेहरा काढला तर वेट्रेसची वाढते, पुरुष वेटरची वाढत नाही. असल्या परीक्षेत काकांनी परीक्षक म्हणून बसण्यात काय अर्थ आहे?

कॅलिफोर्नियातल्या काकांची केस मात्र अवघड आहे. तिथे, आणि वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना, अलास्का या राज्यांतही, टिप वेतनात धरण्याची सवलतच मालकाला नाही. वेटरला राज्याचं पूर्ण किमान वेतन मिळतं, तरी पावतीवर तेच वीस टक्के. सनीवेलच्या काकांना हे फोनवर वाचून कळतं त्या संध्याकाळी ते घरात विजयी मुद्रेने फिरतात. त्यांना खोडून काढणं मला जमणार नाही. दोन डॉलर तेरा सेंटांचा युक्तिवाद तिथे लागू पडत नाही. तिथली टिप शरमेवर आणि सवयीवर चालते. पण तर्क जिंकला म्हणून टेबलावर शून्य ठेवून उठावं का? नाही. अनेक हॉटेलांत वेटरला आपल्या विक्रीच्या काही टक्के रक्कम टेबल पुसणाऱ्याला आणि बारवाल्याला वाटून द्यावी लागते. टेबलावर शून्य आलं तरी विक्री झालेलीच असते, म्हणजे काकांच्या तत्त्वनिष्ठेचा खर्च त्या पोराच्या खिशातून जातो. मालकाला, कायद्याला, मायकेल लिन यांना त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून काकांनी वाद मुलाशी घालावा, टिप मूळ रकमेवर काढावी, करावर काढू नये, आणि सोळा डॉलर ब्याण्णव सेंट ठेवून उठावं.

सहा महिन्यांनी काका पुण्याला परततात आणि पहिल्याच आठवड्यात नेहमीच्या उडप्याकडे जातात. बिल येतं २८३ रुपये. पूर्वी काकांनी तीनशे दिले असते, सुट्टे ताटलीत आले असते, त्यातली दहाची नोट तिथेच राहिली असती, आणि कोणाला टक्केवारी सुचली नसती. पण आता फोन आहे. चौकट स्कॅन होते आणि बरोबर २८३ रुपये जातात, पैसाही कमी-जास्त नाही. मोड म्हणून उरायला काही उरतच नाही. वेटर ताटली घेऊन उगाच दोन क्षण जास्त उभा राहतो. काकांना ते कळतं, ते पाकीट चाचपतात. त्यात एकच नोट असते, अमेरिकेतून येताना उरलेली, एक डॉलरची. काकांचे ओठ हलू लागतात: रुपये पंच्याऐंशी-नव्वद, म्हणजे तीस टक्क्यांच्याही वर. काका नोट परत ठेवतात आणि बडीशेपेचा चमचा उचलतात.