मामांचा फ्लड

सांगलीत 'फ्लड' म्हटलं की माणसं आधी आयर्विन पुलाकडं बघतात. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका, हे तिथल्या शाळकरी पोराला पाढ्यासारखं पाठ असतं. आमच्या घरात मात्र फ्लड म्हणजे मामांच्या फोटो स्टुडिओतले दोन दिवे. परातीएवढी ॲल्युमिनियमची तबकडी, तिच्या पोटात ५०० वॅटचा बल्ब आणि खाली तीन पायांचा स्टँड. मामांनी दुकान बंद केलं तेव्हा त्यांच्या पोरांना यात काडीचा रस नव्हता, म्हणून दोन्ही फ्लड माझ्या वाट्याला आले. साताऱ्याच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, "पोल्ट्री काढताय जणू?" तसं त्याचं चुकलं नव्हतं. पिल्लांना ऊब द्यायला असलेच दिवे टांगतात.

बल्ब मात्र साधा नव्हे. याची तार कमी दाबासाठी केलेली असते आणि तिला मुद्दाम घरचा पूर्ण दाब द्यायचा. मग ती जिवावर उदार होऊन जळते. उजेड चांगला ३४०० केल्विनचा, पण आयुष्य? घरातला पिवळा बल्ब हजार तास चालायचा. हा सहा तास, आणि याचा २७५ वॅटचा धाकटा भाऊ जेमतेम तीन. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं 'सीतास्वयंवर' रंगवलं, त्या गावात तीन तास म्हणजे नांदी आणि चहा!

म्हणून मामांकडं सिरीज-पॅरलल स्विच होता. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की दोन्ही दिवे सिरीजमध्ये, निम्म्या जोरावर. त्या तांबूस उजेडात पदर, टोपी, हनुवटी सगळं निवांत सारखं करायचं. मग "हलू नका" म्हणत खटका खाली. दिवे भक्कन पेटायचे आणि घोटाळा व्हायचा तो इथंच. मघापर्यंत गालातल्या गालात हसणारी उपवर मुलगी चोरी करताना सापडल्यासारखी दिसायची. जुन्या फोटोंतले आपले आजी-आजोबा एवढे करारी का दिसतात, यावर बरंच भावुक लिहिलं जातं. माझ्या मते त्यात स्वभाव थोडा, वॅट जास्त.

मामा याचं खापर शेजारच्या कोल्हापूरवर फोडायचे. बाबूराव पेंटरांनी १९२३ च्या 'सिंहगड'साठी कृत्रिम दिवे लावले आणि तेव्हापासून या भागातल्या फोटोवाल्यांना सूर्य नकोसा झाला, असं त्यांचं म्हणणं. पुढं लग्नात व्हिडिओवाले हजार वॅटचा हॅलोजन घेऊन आले. अक्षतांपेक्षा वऱ्हाडी त्यालाच जास्त चुकवायचे.

साताऱ्यात आल्यावर फ्लड संसाराला लागले. आमच्याकडं जुलैत कपडे वाळत नाहीत, त्यांना फक्त वास येतो. बायकोनं तबकडीत साधा शंभराचा बल्ब लावला आणि समोर शाळेचे गणवेश टांगले. मुलाच्या शर्टाला तेवढा सन्मान त्याच्या मुंजीतही मिळाला नव्हता.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं. मामांच्या गल्लीत ते ओसरलं, वीज आली, तेव्हा मी दोन्ही फ्लड घेऊन सांगलीला गेलो. मामींनी ओले फोटो धुऊन दोरीवर चिमट्यांनी लावले होते. दिवे लांब ठेवले, कारण फोटोवरचा थर जिलेटिनचा, जवळून ताप लागला की तो सुटतो. बरेचसे फोटो वाचले. दोन जोडपी मात्र एकमेकांच्या पाठीला अशी चिकटली, की कोण कुणाचं ते मामींनाही सांगता येईना.

आता मामा नाहीत. प्रत्येक बल्ब किती मिनिटं जळला, ते खोक्यावर पेन्सिलीनं लिहून ठेवायची त्यांची सवय होती. शेवटचा ५०० वॅटचा बल्ब माझ्या कपाटात आहे. खोक्यावर शेवटची बेरीज एक तास पंचेचाळीस मिनिटं. म्हणजे अजून सव्वाचार तास शिल्लक आहेत.