उतारा किती पडला?

गुरुजींना एखादी कादंबरी आवडली, असं मी आजवर ऐकलेलं नाही. आवडली नाही, असंही ते म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘उतारा कमी पडला.’

नवख्याला वाटतं, मराठीचे मास्तर, म्हणजे उतारा प्रश्नपत्रिकेतला. छे! कासारसाईत, संत तुकाराम साखर कारखान्याच्या पट्ट्यात, उतारा एकच. शंभर किलो उसातून साखर निघाली किती? दहा-अकरा निघाली तर बरं. गुरुजींनी तीस वर्षं मराठी शिकवलं आणि दीड एकर ऊस केला. दोन्हींचा हिशेब एकाच वहीत ठेवला, तिथंच घोटाळा झाला.

गाजलेली कादंबरी आली की आधी तळहातावर वजन. मग रात्री वीस पानं. सकाळी धरणाच्या भिंतीवर भेटले की मी तोंड उघडायच्या आत निकाल, ‘चिपाड!’ यशस्वी कादंबरीनंतरची त्याच लेखकाची दुसरी म्हणजे ‘खोडवा’. प्रस्तावना म्हणजे ‘मळी, नुसती नशा’. परवा एका लग्नात पुढाऱ्याचे आशीर्वाद अर्धा तास लांबले, तेव्हा मांडवातही माझ्या कानाशी आलेच, ‘उतारा?’

पण खरं दुखणं नेमाड्यांच्या ‘हिंदू’चं. १९६३ची ‘कोसला’ त्यांनी कॉलेजात वाचली होती. पुढे ‘हिंदू येणार, हिंदू येणार’ ऐकत हा माणूस आडसाली उसासारखा वर्षानुवर्षं उभा. २०१०मध्ये ती आली, सहाशे पानांची. उसाच्या बिलातून घेतली. आठवडाभर गुरुजी भिंतीवर फिरकले नाहीत. आठव्या दिवशी आले ते मुके. मीच विचारलं, ‘गुरुजी, उतारा?’

‘गाळप चालू आहे.’

गाळप पाच वर्षं चाललं! २०१५च्या फेब्रुवारीत नेमाड्यांना ज्ञानपीठ जाहीर झालं. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा आणि आता हे. मराठीच्या शिरपेचात मानाचा तुरा, असं म्हणत मी बांधावर धावत गेलो.

‘तुरा!’ गुरुजी म्हणाले. ‘अरे, उसाला तुरा कधी येतो? तोड लांबली की. मग आतून पोकळ होतो, साखर उतरते.’

हसलो खरा. पण खरं सांगतो, मी ‘हिंदू’तल्या मोहेंजोदडोच्या उत्खननातच कुठेतरी अडकलो आणि गेली कित्येक वर्षं ‘वाचली, वाचली’ म्हणून सांगत फिरतोय. गुरुजी निदान शेवटच्या पानापर्यंत जाऊन निराश झाले होते.

यंदा जानेवारीत गेलो तर ऊसतोड चालू. गुरुजी बांधावर, मांडीवर ‘हिंदू’. चौथ्यांदा!

‘ह्यातला खंडेराव बघ,’ पुस्तकातून डोकं न काढता म्हणाले, ‘एवढा शिकलेला, पण बाप अत्यवस्थ म्हटल्यावर घराकडे निघतो. आमचाही निघतो. दर रविवारी, हिंजवडीतून. धरणावर येणाऱ्या गाड्यांच्या रांगेत अडकतो आणि कंटाळून माघारी जातो.’

मला काही सुचेना. तेवढ्यात मुकादमानं हाक मारली, ट्रॉली भरली होती. गुरुजींनी उसाचं पातं खुणेला घालून पुस्तक मिटलं.

‘यंदा वाढला का उतारा?’ मी विचारलं.

‘उसाचा?’

‘पुस्तकाचा.’

‘पॉइंट दोन,’ म्हणाले आणि ट्रॉलीकडे निघाले.