परतावार्थी

जुनी चारचाकी विकत घेऊन फसलेला आणि दिलेले पैसे डीलरकडून परत मिळवण्याच्या मागे लागलेला गृहस्थ म्हणजे परतावार्थी. वय चाळीस ते साठ; नोकरी पक्की किंवा नुकतीच संपलेली; स्वभाव मूळचा भिडस्त. हमरस्त्याच्या कडेला रंगीत पताका लावून जुन्या गाड्या ओळीने उभ्या केलेल्या दिसतात, अशा कोणत्याही शहरात तो सापडतो. पुण्यात त्याची पैदास जास्त आहे असे म्हणतात, पण पुण्यात तो नुसता जास्त बोलतो. बायकांमध्ये हा प्रकार दुर्मीळ. त्याचे कारण ओघाने येईलच.

परतावार्थीची सुरुवात हिशेबी असते. पितृपक्षात कुणी गाडी घेत नाही, म्हणून तेव्हा भाव पडतो, हे त्याने हेरलेले असते. टोकन पितृपक्षात द्यायचे आणि डिलिव्हरी दसऱ्याला घ्यायची, म्हणजे मुहूर्तही साधला आणि दहा-पंधरा हजारही वाचले. घरातली वडीलधारी मंडळी यावर त्या वेळी काहीच बोलत नाहीत. ते सगळे त्यांनी नंतरसाठी राखून ठेवलेले असते.

डीलर सरसकट खोटे बोलतो असे म्हणणे ढोबळ ठरेल. त्याच्या धंद्याची काही ठरावीक वाक्ये असतात, ती तो म्हणतो. 'डॉक्टरांची गाडी आहे.' 'सिंगल हँड, कंपनी मेंटेन.' 'इंजिनाला पाना लागलेला नाही.' 'एक रुपयाचं काम नाही काका, पेट्रोल टाका आणि चालवा.' बाजारात डॉक्टरांच्या म्हणून जेवढ्या गाड्या उभ्या आहेत तेवढे डॉक्टर खरोखर राज्यात असते, तर प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या रिकाम्या जागा केव्हाच भरल्या असत्या. पुढे आरसीवर वाळूच्या ठेकेदाराचे नाव निघते. त्याला गावात 'डॉक्टर' म्हणतात, असे उत्तर डीलर शांतपणे देतो.

गाडी बघायला परतावार्थी एकटा जात नाही. सोबत 'गाड्यांतलं कळणारा' मेहुणा असतो. मेहुण्याची पात्रता एवढीच, की त्याच्याकडे आधीपासून गाडी आहे. तो टायरला लाथ मारतो, दार दोनदा आपटतो, बोनेट उघडून इंजिनाकडे आदराने पाहतो आणि 'आवाज गोड आहे' असा निर्वाळा देतो. जे बघायला हवे ते दोघांनाही सुचत नाही. मीटरवर ३८ हजार किलोमीटर आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर झिजून गुळगुळीत, हे गणित जुळत नाही. बाकी सगळ्या काचांवर एक साल आणि डाव्या दाराच्या काचेवर दुसरेच असेल, तर ती बाजू कुठेतरी ठोकली गेल्याची दाट शक्यता. बोनेटच्या बोल्टांवरचा रंग उडालेला दिसला, तर पान्याबद्दलचे विधान मागे घ्यावे लागते. परतावार्थीला ही सगळी माहिती पुढे तोंडपाठ होते. खरेदीच्या दिवशी मात्र त्याचे लक्ष म्युझिक सिस्टिमवर असते.

त्या दिवशी मुद्द्याचे विचारणारे माणूस एकच, परतावार्थीची बायको. 'हे सगळं ते लिहून देतील का? आणि पक्कं बिल?' परतावार्थी तिला कोपराने गप्प करतो. समोरचा माणूस चहा पाजतोय, 'काका' म्हणतोय. त्याच्याकडे लेखी मागायचे म्हणजे त्याचा अपमान, असे त्याला मनापासून वाटते. मराठी मध्यमवर्गाचे भिडेपायी जेवढे पैसे बुडाले तेवढे शेअर बाजारातही बुडाले नसतील. डीलरला ही भीड नेमकी ठाऊक असते. 'बिल देतो की, वहिनी. पण मग जीएसटी पडेल,' असे तो हळहळत सांगतो. परतावार्थी मनातल्या मनात पावणेपाच लाखांचे १८ टक्के काढतो आणि बिलाचा विषय स्वतःच संपवतो. वास्तविक जुन्या गाड्यांच्या धंद्यातला जीएसटी (जानेवारी २०२५पासून सरसकट १८ टक्के) पूर्ण किमतीवर बसत नाही. डीलरची खरेदी आणि विक्री यांतल्या फरकावर बसतो. हळहळ कुणासाठी होती हे परतावार्थीला बऱ्याच उशिरा कळते.

लेखी असे काहीच होत नाही, असे मात्र नाही. डीलर एक डिलिव्हरी नोट पुढे सरकवतो. तिच्यात बारीक टायपात लिहिलेले असते, की गाडी पाहून, चालवून, पूर्ण समाधान झाल्यावर 'जशी आहे तशी' ताब्यात घेतली असून यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही. परतावार्थीच्या एका हातात तेव्हा पेढा असतो. दुसऱ्या हाताने तो सही करतो.

दोष उघड व्हायला फार वेळ लागत नाही. दिवाळीत कोकणात जाऊन परतताना कुंभार्ली घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर तापमानाचा काटा लाल रेषेला टेकतो आणि गाडी टोइंगवाल्याच्या कृपेने खाली चिपळूणला येते. तिथला गॅरेजवाला बोनेट उघडतच नाही. फडक्याला हात पुसत तो पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढतो. नेहमीच्या वापरात कधीच बाहेर न येणाऱ्या त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर सुकलेल्या चिखलाची तांबूस रेघ असते. मग तो गालिचा उचलून वास घेतो, सीटखालच्या गंजलेल्या पट्टीवरून बोट फिरवतो आणि फक्त विचारतो, 'कुठून घेतली?' २०२१च्या जुलैत जे शहर स्वतः पाण्याखाली गेले होते, तिथल्या मेकॅनिकला याहून जास्त तपासणीची गरज पडत नाही. पुरात बुडालेली गाडी विमा कंपनी 'टोटल लॉस' धरते. ती लिलावात भंगाराच्या भावात जाते. पुढे धुऊन-पुसून, अत्तराची बाटली लावून पुन्हा रस्त्यावर येते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईतल्या अशा कितीतरी गाड्या दूरदूरच्या शहरांत 'शोरूम कंडिशन'मध्ये नांदू लागल्या.

यानंतर परतावार्थी डीलरकडे जाऊ लागतो. या फेऱ्यांची प्रगती संबोधनावरून मोजता येते. पहिल्या भेटीत 'काका, बसा ना', चहा, आणि 'आपल्याच गॅरेजला लावू, नुसता थर्मोस्टॅट असेल.' नंतर 'साहेब', चहा नाही, आणि 'शेठ बाहेर गेलेत.' त्यानंतर 'ओ, तुम्ही चालवून बघितली होती ना?' डीलर दुरुस्ती करून द्यायला तयार असतो, दुसरी गाडी 'वरचे फक्त साठ हजार' घेऊन द्यायला तयार असतो, हीच गाडी दुसऱ्या कुणाला 'खपवून देतो' असेही म्हणतो. पैसे परत, एवढे दोन शब्द तो उच्चारत नाही. आणि गाडी तिसऱ्या माणसाला खपवण्याच्या सूचनेवर परतावार्थी एक रात्र विचार करतो, हेही नोंदवले पाहिजे.

डीलरचा शेवटचा पवित्रा म्हणजे, 'आम्ही मधले. मूळ मालकाशी बोला.' पूर्वी हा पवित्रा बराच चालत असे, कारण गाडी डीलरच्या नावावर कधी होतच नसे. कोऱ्या फॉर्म २९ आणि ३०वर पहिल्या मालकाची सही घेऊन ती तळावर उभी राही. मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली. आता जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते, आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंद झाली की पुढची विक्री होईपर्यंत तोच मालक मानला जातो. पण ही नोंद मुळात व्हावी लागते. पताका लावायला कोणताच फॉर्म लागत नसल्यामुळे तळ उघडणाऱ्यांची संख्या जास्त आणि अधिकारपत्र भिंतीला टांगणाऱ्यांची कमी.

'आम्ही असं म्हणालोच नव्हतो, लेखी दाखवा,' हे वाक्य ज्या दिवशी कानावर पडते, त्या दिवशी परतावार्थी पूर्ण वयात येतो. लेखी मागणे हा ज्याला अपमान वाटत होता, तो घरी जाताना फाइल, पंचिंग मशीन आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन जातो. टोकनची यूपीआयची नोंद, डीलरच्या जाहिरातीचा फोटो, 'नॉन-अॅक्सिडेंट, नॉन-फ्लड, गॅरंटी माझी' असा त्याचा व्हॉट्सअॅपवरचा निरोप, चिपळूणच्या गॅरेजचे जॉबकार्ड. या निरोपाची प्रिंट तो तीन प्रतींत काढतो. तोच एक कागद पुढे त्याला वाचवतो, आणि तो त्याने मागितलेला नसतो. डीलरनेच उत्साहाच्या भरात पाठवलेला असतो.

त्याचे महत्त्व असे. १८७२च्या करार कायद्यानुसार समोरच्याने दोष नुसता दडवून ठेवला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊन तो कळण्यासारखा होता, तर करार रद्द करता येत नाही. मेहुण्याची लाथ ही साधारण काळजी धरायची का, यावर मग वाद होऊ शकतो. पण धादांत खोटे सांगून फसवले असेल तर ही पळवाट डीलरला मिळत नाही, आणि 'जशी आहे तशी'वरची सहीही त्याला सहसा तारत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि सदोष माल परत घेऊन बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, पैसे न देणे हीसुद्धा. परतावार्थी ही कलमे वाचतो तेव्हा त्याला पहिल्यांदा आपल्या बायकोची आठवण होते. तो हे तिला सांगत नाही.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन, मग वकिलाची नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग. इथे परतावार्थीचे दिवस फिरतात. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग चालतो; पाच लाखांपर्यंत तक्रारीला शुल्कच नाही; दोन वर्षांच्या आत जावे लागते; आणि डीलर कुठल्याही गावचा असला तरी तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. वकीलही लागत नाही. ही शेवटची सवलत परतावार्थी फारच मनावर घेतो. तो स्वतः युक्तिवाद लिहितो, तो बावीस पानांचा होतो, त्यातली चार पाने पितृपक्षातल्या भावाबद्दल असतात. डीलरचे वकील उत्तर द्यायला ३० दिवस आणि वरचे वाढीव १५ दिवस पुरेपूर वापरतात. त्या उत्तरात परतावार्थी प्रथमच 'तक्रारदार' होतो आणि त्याने गाडी 'निष्काळजीपणे व रॅश पद्धतीने' हाकल्याचे वाचून त्याला मनातून थोडे बरेही वाटते. निकाल तीन महिन्यांत, मालाची तपासणी करायची असेल तर पाच महिन्यांत द्यावा, असे कायदा म्हणतो. कायद्यात मुदत असते, आयोगात तारीख मिळते.

दरम्यान गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. ती चालवायची नाही. दोष कळल्यावरही वापरत राहिले तर माल पत्करला असे धरले जाऊ शकते, हे त्याला पक्के पढवलेले असते. बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या पाच तारखेला बिनचूक कापला जातो. परतावार्थी हप्त्याच्या गाडीशेजारून चालत रिक्षा पकडायला जातो. बॅटरी बसते, टायर बसतात, बोनेटवर मांजर बसते. सोसायटीचे सेक्रेटरी 'बंद वाहनांबाबत' सूचनाफलकावर परिपत्रक लावतात. त्याला परतावार्थी कलमांसह लेखी उत्तर देतो, पोच घेतो, फाइलला लावतो.

याच काळात त्याची समाजातली किंमत वाढते. चांगली गाडी मिळाली असती तर तो मेहुण्यासारखाच एक गाडीवाला झाला असता. आता लोक त्याच्याकडे फ्रिजचे, विम्याचे, टूर कंपनीचे तंटे घेऊन येतात. तो चष्मा पुसतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, 'बिल आहे?'

शेवट बहुतेक वेळा तडजोडीत होतो. डीलर 'वापराचे' म्हणून पन्नास हजार कापून घेण्याचा प्रस्ताव ठेवतो. परतावार्थी गाडीचा वापर मांजराने केल्याचे सांगतो. तडजोड फिसकटली आणि निकाल बाजूने लागला, तर रक्कम व्याजासह परत, मानसिक त्रासाचे आणि तक्रारखर्चाचे थोडे वर, असा आदेश होतो. डीलरला अपील करायचे असेल तर ४५ दिवसांत आणि निम्मी रक्कम आधी भरून. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा पंचवीस हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. चेक बहुधा या कलमाच्या वाचनानंतर निघतो.

मग गाडी परत द्यायची. त्यासाठी पुन्हा तेच फॉर्म २९ आणि ३०, उलट्या दिशेने. बँकेचे कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ वेगळा. परतावार्थी एकही रकाना कोरा सोडत नाही आणि गाडीचा ताबा तारीख, वेळ, किलोमीटर लिहून सही-शिक्क्यानिशी देतो. पंधरा दिवसांत ती धुऊन पुन्हा तळावर लागते. 'रिटायर्ड साहेबांची गाडी, वर्षभर फक्त पार्किंगमध्ये, सगळे कागद एक नंबर.' यातले सगळे खरे असते.

व्याजाचा मुद्दा तेवढा राहतो. आदेशात ते तक्रार दाखल झाल्या दिवसापासून धरलेले असते; परतावार्थी ते टोकनच्या दिवसापासून मागतो. फरक साधारण साडेतेरा हजारांचा. त्यासाठी त्याने राज्य आयोगात जायचे ठरवले आहे आणि नवी फाइल आणली आहे.